अब्बांचा डबा आणि रामपूरचा चाकू

मिरजेहून रामपूरला थेट गाडी नाही. गोवा एक्सप्रेसने हजरत निजामुद्दीनला उतरायचं, दिल्ली ओलांडून दुसरं स्टेशन गाठायचं आणि मुरादाबाद-बरेलीकडे जाणारी गाडी धरायची. मुरादाबाद सुटलं की तासाभराच्या आत रामपूर. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी या वाटेने गेलो. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला रामपूरला जायला वेगळं कारण शोधावं लागत नाही. रोहिल्या पठाणांचं हे शहर नवाब फैजुल्लाह खान यांनी वसवलं. मिर्झा गालिबना इथले नवाब यूसुफ अली खान महिन्याला शंभर रुपये पाठवत. नवाब त्यांचे शागीर्द होते. दाग देहलवींनी उमेदीची कित्येक वर्षं इथे काढली. रामपूर-सहसवान घराण्याचं गाणं आमच्या मिरजेतही आवडीने ऐकलं जातं, गाव किराण्याचं असलं तरी.

पण आपल्याकडे कुणालाही ‘रामपूर’ म्हणा, त्याला यातलं काही आठवत नाही. आठवतो तो चाकू. आणि खरं सांगायचं तर मीही चाकूसाठीच गेलो होतो.

माझे मरहूम वालिद रेल्वेत गार्ड होते. त्यांच्यामागे घरात जे राहिलं त्यात एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. डब्यात अकरा चाकू, सगळे घडीचे, खिशात मावणारे. एक शेफिल्डचा, कासवाच्या पाठीसारखी दिसणारी मूठ असलेला. एक कोकणातल्या मामूंनी दिलेला, आंब्याची कलमं बांधायचा. एक लहानसा, बोरू तासायचा. एक लाल मुठीचा स्विस. आणि एक रामपुरी, पितळी टोप्यांचा, म्हशीच्या काळ्या शिंगाच्या मुठीचा. तो त्यांना बरेलीकडच्या एका सहकाऱ्याने निवृत्त होताना दिला होता. अब्बा गेल्यावर माझ्या मेहुण्याने शारजाहून आणलेलं एक मल्टिटूल मी डब्यात टाकलं, म्हणजे आता बारा.

डब्यात एक कागदही आहे. मी सातवीत होतो तेव्हा एकदा गावातलं वातावरण बिघडलं. दोन दिवस दुकानं बंद. गल्लीत कुणीतरी आवई उठवली की घरोघर झडती होणार. अम्मी घाबरून म्हणाली, तो डबा रात्रीच ओढ्यात टाकून या. अब्बांनी डबा खाली काढला, सगळे चाकू पाटावर ओळीने मांडले, माझ्या कंपासपेटीतली पट्टी मागून घेतली आणि एकेक पातं मोजून कागदावर लिहून काढलं: चाकू कुठला, कुणी दिला, कशासाठी वापरतात, लांबी किती. खाली सही केली. कागद चाकूंवर ठेवला आणि डबा परत फळीवर. झडती काही झाली नाही. अम्मीला मात्र पुढे कितीतरी वर्षं त्या फळीकडे बघवत नसे.

त्या कागदावर रामपुरीपुढे ‘पावणेतीन इंच’ लिहिलं आहे. निघण्याआधी मी पुन्हा मोजलं, बरोबर सात सेंटिमीटर. हे मोजणं हौसेचं नव्हतं. देशभर लागू असलेल्या शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागतो. घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. दिल्लीत याहून कडक आहे. तिथल्या १९८०च्या अधिसूचनेत खटक्याच्या चाकूसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी ही मर्यादा घातली आहे. उत्तर प्रदेशात १९९०च्या दशकात साडेचार इंचांपेक्षा मोठ्या रामपुरीवर बंदी आली. म्हणजे एकाच चाकूला रस्ताभर तीन मापं. आमचा तिन्हींत बसत होता. तरी सौ. म्हणाली ते मला खोडता आलं नाही. “माप पोलिसाला सांगाल हो. पण दाढी, नाव आणि रामपुरी, एवढं एका बॅगेत बघितल्यावर माप विचारायला कोण थांबतंय?”

मग मी का नेला? कारण चाकू मोडत चालला होता. पात्याचा मुख्य खिळा झिजला होता, पातं डावी-उजवीकडे हलत होतं आणि खटका कधी धरी, कधी सोडी. न धरणारा खटका बोटं कापतो. मिरजेत दाखवला, कोल्हापुरात दाखवला. धार लावून देणारे भेटले, कमानी उघडून बसवणारा कुणी भेटला नाही.

रामपुरात चाकूचा शोध घ्यावा लागत नाही असं वाटतं, कारण शहरातल्या एका चौकात २०२३ पासून सुमारे वीस फुटांचा चाकू उभा आहे. पितळ आणि स्टीलचा, उघडलेला, आकाशाकडे टोक. त्याच्यापुढे उभं राहून लोक फोटो काढतात. मला तो पाहून आनंद झाला असं म्हणवत नाही. ज्या गावात खरा चाकू बनवणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्या गावात चाकू एवढा मोठा झालेला बघणं विचित्रच.

चाकू बाजार जुन्या शहरात आहे. आता तिथे चपला, मोबाइलची कव्हरं, अद्रकाचा हलवा असं सगळं मिळतं आणि मधूनमधून चाकूचं दुकान. दोन दुकानांनी मला नवा चाकू विकायचा प्रयत्न केला. तिसऱ्याने मूठ बघताच म्हटलं, “हे आमच्याकडचं नाही, गल्लीत आत जा.” आत एका अरुंद खोलीत सत्तरीतले एक कारागीर बसले होते. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. मी त्यांना चाचा म्हणू लागलो, ते मला मास्टर साहब.

चाचांनी चाकू उघडला, कानाजवळ धरून बंद केला, पुन्हा उघडला. मग म्हणाले, “कमानी ठीक आहे. कील मेली आहे.” पुढचा तासभर मी पाहत होतो. त्यांनी खिळ्याचं डोकं कानशीने घासून काढलं, बारीक टोच्याने खिळा बाहेर ठोकला. पातं, कमानी आणि दोन्ही पितळी पत्रे वेगळे झाले. पन्नास वर्षांचा मळ निघाला. त्यात अब्बांच्या खिशातली तंबाखूसुद्धा असणार. सगळे भाग त्यांनी रॉकेलमध्ये घोळले, पुसले. झिजून लांबट झालेलं भोक किंचित मोठं करून गोल केलं आणि त्यात बसेल अशी पितळेची नवी काडी कापली. जोडताना पातं आणि पत्र्याच्या मध्ये त्यांनी कागदाची एक चिंधी सरकवली. मी विचारलं, ही कशाला? म्हणाले, “खिळा ठोकला की सगळं आवळतं. चाकू उघडायचाच नाही. कागदाएवढी जागा ठेवायची, मग कागद काढून घ्यायचा. लोखंडाला श्वास लागतो.” मग हातोडीचे इतके हलके ठोके, जणू अंडं फोडायचं आहे. खिळ्याचं डोकं पसरलं, कानशीने सपाट झालं, पितळात मिसळून गेलं. बोट फिरवलं तरी जोड कळेना.

काम करता करता ते बोलत होते. नवाबांच्या काळात इथे तलवारी घडत, बंदुका आल्या आणि तोच हात चाकूकडे वळला, असं त्यांच्या घरात सांगत आले आहेत. पूर्वी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातोड्यांचा आवाज असे. मग सिनेमा आला. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या प्रत्येक खलनायकाच्या हातात रामपुरी. “त्यांनी आमचं नाव मोठं केलं आणि आमचा धंदा बारीक केला,” असं ते म्हणाले. बंदी आली, मग कारखान्यांतला स्वस्त माल आला. मुलं? एक ई-रिक्षा चालवतो, एक दिल्लीत आहे. शिकायला कुणी येत नाही का, असं विचारल्यावर त्यांनी हातोडी थांबवली. “मास्टर साहब, तुमच्या शाळेतल्या एखाद्या पोराचा बाप म्हणेल का, माझा मुलगा रामपुरी बनवायला शिकतोय?”

मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही.

दुरुस्ती झाल्यावर मी त्यांना सांभाळण्याबद्दल विचारलं, कारण डब्यात आणखी अकरा आहेत. त्यांनी सांगितलेलं आणि मी इतक्या वर्षांत करत आलेलं बरंचसं जुळलं. ज्यांच्या घरी आजोबांचा एखादा चाकू, अडकित्ता किंवा सुरी पडून असेल त्यांच्यासाठी ते इथे लिहितो.

जुनी पाती साध्या पोलादाची असतात. त्यांना गंज लागतो आणि आपल्या पावसाळ्यात तर रात्रीतून लागतो. पण राखाडी-निळसर झाक म्हणजे गंज नव्हे. कांदा, लिंबू, आंबा कापून कापून पात्यावर जी झाक येते ती उलट त्याला राखते. ती घासून काढू नये. तांबूस, खरखरीत, बोटाला पूड लागणारा असतो तो गंज. तो तेलात बुडवलेल्या बारीक स्टीलच्या लोकरीने हळूहळू काढावा. चकाकी आणण्यासाठी मशीनच्या चाकावर देऊ नये. पातं तापून एकदा निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, मग कितीही धार लावा, टिकत नाही.

तेल कोणतं? खोबरेल आणि मोहरीचं नको. ती काही महिन्यांत चिकट होतात आणि सांध्यात धूळ धरून ठेवतात. शिलाई मशीनचं पातळ तेल सांध्यात एक थेंब पुरे. ज्या चाकूने फळं कापतो त्याच्या पात्याला मी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन लावतो, ते पोटात गेलं तरी चिंता नाही. पुसल्यावर बोटांचे ठसे राहू देऊ नयेत. घामातलं मीठ ठशाच्या आकाराचा गंज उठवतं.

चामड्याच्या म्यानात चाकू शोभतो, पण तिथे ठेवायचा नाही. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्यात मुरलेली ओल पात्याला खातात, पितळावर हिरवं येतं. सुती कापडात गुंडाळावा. डब्यात बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिकाच्या पुड्या टाकाव्यात. शिंगाच्या मुठीचं दुखणं वेगळं. शिंग फार कोरडं झालं तर आकसून तडकतं, आणि त्याला कीडही लागते, लोकरीला लागते तशी. वर्षातून दोनदा मुठीला तेलाचं बोट आणि वरचेवर तपासणी, एवढं तिला पुरतं.

शेफिल्डच्या त्या सुंदर मुठीची गोष्ट मात्र डब्यातल्या सगळ्यांनाच लागू पडते. ती कासवाची नाही, सेल्युलॉइडची आहे. सेल्युलॉइड जुनं झालं की विरघळू लागतं आणि त्यातून आम्लाची वाफ निघते. बंद डब्यात ही वाफ शेजारच्या निरोगी पात्यांनाही गंजवते. शिवाय ते भडकन पेट घेतं. तुमच्याकडे अशी पारदर्शक, ठिपक्याठिपक्यांची जुनी मूठ असेल आणि तिला कापरासारखा किंवा आंबूस वास येत असेल, तर तिला एकटीला, मोकळ्या हवेत ठेवा. माझा शेफिल्ड कपाटाच्या वेगळ्या कप्प्यात कागदावर पडलेला असतो.

धार म्हणजे जोर नव्हे. दगड ओला किंवा तेलकट, पातं दगडाशी पंधरा ते वीस अंशांवर, आणि तो कोन शेवटपर्यंत न बदलता. नव्वद अंशांचा निम्मा पंचेचाळीस, त्याचा निम्मा साडेबावीस, त्याहून जरा खाली. मुलांना भूमितीत शिकवतो तेच. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बोटाला जाणवेल इतकी बारीक कोर उठली की बाजू बदलायची. शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर उलट दिशेने ओढायचं. आणि घडीचा चाकू ‘खट’ असा आपटून बंद करू नये. काही चाकूंत धार आतल्या कमानीवर आदळते आणि मधोमध बोथट होते. सिनेमात तो आवाज छान वाटतो, एवढंच.

मल्टिटूलला आणि स्विस चाकूला हे लाड नकोत. त्यांचं पोलाद न गंजणारं. १८८४ मध्ये इबाख गावात कार्ल एल्सेनर यांनी कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिला माल दिला, १८९७ मध्ये तो अनेक पात्यांचा चाकू नोंदवला. पुढे आईचं नाव व्हिक्टोरिया आणि न गंजणाऱ्या पोलादाचा ‘इनॉक्स’ जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. मल्टिटूल त्या मानाने कालचं. टिम लेदरमन हा अमेरिकन १९७५ मध्ये एका खटारा फियाटमधून युरोप फिरताना हातात पक्कड नाही म्हणून वैतागला, आणि १९८३ मध्ये पक्कड पोटात घेतलेला चाकू बाजारात आला. यांचं दुखणं एकच, खिशातला कापूस. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, त्यात सगळी पाती उघडझाप करायची, नीट वाळवायचं, सांध्यात तेल. झालं.

दुसऱ्या दिवशी रझा लायब्ररीत गेलो. हामिद मंझिलची ती इमारत, आतले झुंबर आणि सुमारे सतरा हजार हस्तलिखितांचा साठा. १९७५च्या कायद्याने ही राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी फक्त एक सांगतो. नस्तालीकमधल्या सुलेखनाच्या पानांपुढे उभा असताना मला डब्यातला सर्वांत लहान चाकू आठवला. त्याला क़लमतराश म्हणतात. खुशनवीस बोरू त्याच चाकूने तासायचे, मग हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या छोट्या पट्टीवर ठेवून टोकाला एका झटक्यात तिरका काप द्यायचे. तो काप म्हणजे ‘क़त’. अक्षर कुठे जाड, कुठे बारीक हे त्या कापावर ठरतं. पातं बोथट असेल तर काप चुरगळतो आणि अलिफ थरथरतो. आपल्या मोडीच्या कारकुनांचंही तेच, बोरू आणि चाकू. म्हणजे ज्या वस्तूकडे आज स्कॅनरमध्ये संशयाने बघतात, ती कधीकाळी शाळकरी पोराच्या दप्तरातली वस्तू होती. आता मी वर्गात चाकू नेऊ शकत नाही, नेऊही नये. मुलांसाठी बोरू मी घरीच तासून नेतो.

परतताना चाचांकडे पुन्हा गेलो, कारण सौ.ने पावती आणायला बजावलं होतं. त्यांच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी उर्दूत लिहिलं: जुना चाकू, पातं पावणेतीन इंच, खिळा नवा, मजुरी इतकी, तारीख. खाली सही. मजुरी इतकी कमी होती की मी दुप्पट ठेवली. त्यांनी निम्मी परत केली.

दिल्लीत स्टेशनच्या स्कॅनरवर बॅग थांबलीच. शिपाई तरुण होता. चाकू बाहेर काढून त्याने उघडला, मी पत्रिका पुढे केली. त्याला उर्दू वाचता येईना. त्याने पातं स्वतःच्या बोटाला लावून बघितलं, “इससे क्या करते हो?” असं विचारलं. मी म्हटलं, अमरूद खातो. तो हसला नाही, पण “अंदर रखिए” म्हणाला. एवढंच झालं. घरी फोन करून मी हे सौ.ला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

मिरजेत आमच्याकडे शिकलगार आहेत. हा शब्द ‘सैक़ल’वरून आला, म्हणजे धातूला झळाळी देणं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सरत चाललं तेव्हा इथल्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरे घडवायला घेतले आणि मिरज तंतुवाद्यांचं गाव झालं. रामपूरच्या हाताला तसं दुसरं काम अजून मिळालेलं नाही. बकरी ईदच्या आधी आठ दिवस ज्यांच्या दुकानापुढे रांग लागते, त्या आमच्या ओळखीच्या शिकलगारांना मी चाचांचा खिळा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नख लावून जोड शोधला आणि विचारलं, “हे कुणी शिकवेल का? माझा नातू बारावीनंतर मोकळा आहे.”

चाचांचा फोन नंबर मी त्यांना दिला आहे. नातवाचा बाप अजून हो म्हणालेला नाही.